दहावीनंतर २८ हजारांचा कॉम्प्युटर ‘डिप्लोमा’ करावा का?

दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातून एका भावानं विचारलं आहे. बहीण यंदा दहावी झाली, ६८ टक्के. घरी चार एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. तालुक्याच्या एका संस्थेनं २८ हजारांत वर्षाचा ‘डिप्लोमा’ सांगितला आहे. त्यात एमएस-सीआयटी (संगणकाचा प्राथमिक कोर्स), टायपिंग, टॅली (हिशेब लिहायचं सॉफ्टवेअर), डीटीपी (पत्रिका-फ्लेक्सची मांडणी), हार्डवेअर आणि वरून एआय. तो करावा, की तिला कॉमर्सला टाकावं, की आयटीआयला? तिला लवकर कमावतं व्हायचंय, पण शिक्षण सोडायचं नाही.

भाऊ, आधी माझं सांगते. मी शेजारच्या जिल्ह्यात तालुक्याच्या गावी बावीस वर्षं कॉम्प्युटर क्लास चालवते. म्हणजे अशी पॅकेजं विकणाऱ्यांच्याच पंगतीतली मी. मधली दोन वर्षं मीसुद्धा ‘सहा कोर्स, एक फी’ असं फ्लेक्स लावून प्रवेश घेतले. पोरं आली, सहा-सहा सर्टिफिकेटं घेऊन गेली, आणि वर्षभरानं त्यातलीच एक एसटी स्टँडवर भेटली तर म्हणे, “मॅडम, टॅली उघडता येते, पण त्यात भरायचं काय ते नाही कळत.” ते फ्लेक्स मी उतरवलं. तेव्हा माझं उत्तर थोडं एकांगी वाटलं तर त्याला हे कारण आहे.

तुम्ही कोर्स कोणता असं विचारलंय. पण तुमच्या प्रश्नात तीन वेगळ्या गोष्टी एकात एक अडकल्यात: तिचं अकरावी-बारावीचं शिक्षण, सरकारी भरतीला लागणारे कागद, आणि हाताला येणारं काम. २८ हजारांचं पॅकेज तिन्ही एकदम देतो म्हणतं, म्हणून ते स्वस्त वाटतं. तिन्हींचे रस्ते वेगळे, लागणारा वेळ वेगळा. सुटे करून पाहू.

शिक्षणाचं आधी. ६८ टक्क्यांत गणिताला किती, हे तुम्ही लिहिलं नाही. गणित बरं असेल आणि तिला स्वतःला यंत्रात, प्रोग्रॅमिंगमध्ये रस असेल, तर तंत्रनिकेतनचा तीन वर्षांचा कॉम्प्युटर इंजिनिअरिंग डिप्लोमा हाच खरा डिप्लोमा. यवतमाळ, मूर्तिजापूर, वाशीम, अमरावती, आर्वी इथं शासकीय तंत्रनिकेतनं आहेत, आणि तो झाला की इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. पण त्यात तीन वर्षं घराबाहेर राहणं आलं. घरची तयारी आहे का, ते तुम्हालाच माहीत.

आयटीआयमधला ‘कोपा’, म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रॅमिंग असिस्टंट, हा एक वर्षाचा ट्रेड. दहावीवर होतो, शासकीय आयटीआयची फी खाजगी क्लासच्या मानानं किरकोळ, आणि कागद देशभर चालतो. मला तो आवडतो. फक्त दहावीनंतर लगेच केला तर अकरावी एक वर्ष मागं पडते, आणि आपल्याकडे मुलीचं एक वर्ष मागं पडलं की घरात दुसरीच चर्चा सुरू होते, हे मी पुष्कळ वेळा पाहिलंय. कोपा बारावीनंतरही करता येतो. जागा कुठं पळून जात नाही.

राहिलं कॉमर्स. तुम्ही सांगितलेल्या परिस्थितीत मी तिला कॉमर्सलाच पाठवीन. कारण पुस्तपालन आणि लेखाकर्म हा विषय. टॅली शिकायला जो पाया लागतो तो तिथं दोन वर्षं, जवळपास फुकट, रोज शिकवला जातो. कनिष्ठ महाविद्यालय निवडताना दोन गोष्टी बघा: तिथं माहिती तंत्रज्ञान हा ऐच्छिक विषय आहे का (बारावीला त्याची बोर्डाची परीक्षाच संगणकावर होते), आणि ऑफिस मॅनेजमेंट किंवा बँकिंगसारखा २०० गुणांचा द्विलक्षी अभ्यासक्रम आहे का. द्विलक्षी घेतला की दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय सुटतो. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झालेत. पसंतीक्रम भरताना कॉलेजचं नुसतं नाव बघू नका, विषयांची यादी बघा, आणि प्रत्यक्ष जाऊन लॅब बघा. कागदावर आयटी विषय आणि लॅबला कुलूप, असंही असतं.

बारावीनंतर बीसीएला जायचं मनात असेल तर एक ध्यानात ठेवा. २०२४ पासून बीसीए, बीबीएला राज्याची सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, लागू झाली आहे. गावाकडची बरीच मुलं बारावीचा निकाल हातात घेऊन जूनमध्ये येतात, तोवर सीईटीचा फॉर्म भरायची तारीख निघून गेलेली असते. बारावीच्या जानेवारीपासूनच त्यावर लक्ष ठेवायचं.

आता सरकारी भरतीचे कागद. इथं फार बोलण्यासारखं नाही. लिपिक-टंकलेखकाच्या पदाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट असं टायपिंगचं शासकीय प्रमाणपत्र लागतं. त्याची परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते आणि कोर्स सहा महिन्यांचा. एमएस-सीआयटी २००१ पासून चालू आहे. सरकारी नोकरीला संगणकाचं ज्ञान दाखवायला ते किंवा नाइलिट या केंद्र सरकारच्या संस्थेचं सीसीसी चालतं. एमएस-सीआयटीची फी साधारण साडेचार-पाच हजारांच्या घरात. ‘अमुक संस्थेचा डिप्लोमा’ हा कागद या यादीत बसत नाही. पॅकेजमध्ये टायपिंग आहे म्हणतात, तेव्हा एवढंच विचारा: “परीक्षा परिषदेच्या परीक्षेला बसवणार की तुमचंच सर्टिफिकेट देणार?” उत्तर द्यायला समोरचा किती वेळ घेतो, त्यावरून समजून जा.

टायपिंगबद्दल मात्र दोन शब्द जास्त सांगते, कारण क्लासेसमध्ये हा विषय फार कमी लेखला जातो. आजची पोरं मोबाइलवर अंगठ्यानं सुसाट लिहितात. रोमनमध्ये ‘मी येतो’ टाकलं की मराठी उमटतं, म्हणून त्यांना वाटतं मराठी टायपिंग येतं. परीक्षेला ते चालत नाही. मराठीचे दोन कीबोर्ड चालतात: जुन्या टाइपरायटरचा रेमिंग्टन आणि इनस्क्रिप्ट. दोन्हींची बोटं वेगळी बसतात. क्लासला पहिल्याच दिवशी विचारा कोणता शिकवता, आणि एकदा धरला तो बदलू नका. माझ्याकडे एक मुलगा चार महिने एकावर बसला, मग मित्राचं ऐकून दुसऱ्यावर गेला, आणि परीक्षेत त्याची बोटं अर्ध्या रस्त्यात अडकली. शिवाय जुन्या क्लासमध्ये अजून कृतिदेवसारख्या फाँटवर मराठी शिकवतात. त्या फाँटमधलं पत्र दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडलं की नुसती खिचडी दिसते. युनिकोडवरच शिकायचं.

तिसरी गोष्ट, हाताला येणारं काम. तुमच्या तालुक्याच्या गावात कॉम्प्युटरवर बसणाऱ्या माणसाला पगार कोण देतं? कृषी केंद्र, जिनिंग, बाजार समितीतले अडते, पतसंस्था, एखादा लोखंडी सामानाचा ठोक दुकानदार, कर सल्लागाराचं ऑफिस, आपले सरकार सेवा केंद्र. (सेवा केंद्र स्वतःच्या नावानं घ्यायला १८ पूर्ण लागतात, त्यामुळे ते आत्ता डोक्यातून काढा.) या सगळ्यांना दोनच गोष्टी हव्या असतात: हिशेब न चुकता लिहिणारा माणूस, आणि उधारी कोणाकडे किती ते मागताक्षणी सांगणारा माणूस. फोटोशॉप कोणी विचारत नाही. लग्नसराईत पत्रिका आणि फ्लेक्सचं काम असतं, ते एक-दोन दुकानांत आधीच वाटलेलं आहे.

म्हणून मी टॅलीच्या आधी एक्सेल शिकवते, आणि एक्सेलच्या आधी वही. पोरांना सांगते, घरून काटापट्टी, म्हणजे माल मोजल्याची पावती, आणा. कापसाची, सोयाबीनची, जी असेल ती. मग त्यावरून पहिला तक्ता. २०२५-२६ च्या हंगामाचा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, खरेदीत ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण भाव, त्यावर १२ टक्क्यांपर्यंत दर टक्क्याला एक टक्का कपात, आणि १२ च्या वर माल परत. आता १२ क्विंटल ४० किलो कापूस, ओलावा १० टक्के. भाव किती बसला? ८,११० मधून दोन टक्के गेले, राहिले ७,९४७ रुपये ८० पैसे. रक्कम ९८,५५२ रुपये ७२ पैसे. कॅल्क्युलेटरवर कोणीही काढील. पण एक्सेलमध्ये ‘इफ’ लावून असं सूत्र लिहायचं की ओलाव्याच्या रकान्यात ७ टाकलं तर कपात होऊ नये, १० टाकलं तर दोन टक्के जावेत, १३ टाकलं तर ‘परत’ असं उमटावं. एवढ्या एका सूत्राला माझ्याकडे तीन दिवस लागतात. ७ टाकल्यावर पहिल्यांदा सगळ्यांचा भाव वाढूनच येतो, कारण आठमधून सात वजा केलेलं असतं उलट्या बाजूनं. मी सांगत नाही. ते त्यांचं त्यांना सापडलं पाहिजे.

एका पोरीनं याच धड्याला बापाची खाजगी व्यापाऱ्याकडची पट्टी आणली होती. भरलेली गाडी, रिकामी गाडी, निव्वळ वजन, तिन्ही आकडे लिहिलेले. तिनं एक्सेलमध्ये पहिल्यातून दुसरा वजा केला तर आलं १,२४० किलो. पट्टीवर निव्वळ १,२१०. तिला वाटलं आपलंच सूत्र चुकलं. दोनदा पुसून पुन्हा लिहिलं. मग माझ्याकडं आली. तो ३० किलोंचा कडता होता, म्हणजे व्यापाऱ्यानं वजनातून कापलेला माल, त्या दिवशीच्या भावानं दोन हजारांच्या वर. घरी जाऊन सांगितलं तर बाप म्हणे, “थे तसंच राहते, बाई.” पण तिनं तक्त्यात ‘फरक’ नावाचा एक रकाना वाढवला, आणि पुढच्या दोन गाड्यांच्या पट्ट्याही त्यात भरल्या. पुढं त्या घरात काय झालं ते मला माहीत नाही. ती मुलगी आज एका पतसंस्थेत बसते.

आता टॅली. टॅलीतली बटणं आठवड्यात पाठ होतात: एफ५ पेमेंट, एफ६ रिसीट, एफ८ सेल्स, एफ९ परचेस. अडचण बटणांची नसते, आधी म्हटलं तशी ‘भरायचं काय’ याची असते. जीएसटी लागल्यानंतरच्या वर्षी मी दोन मुली एका कृषी केंद्रात कामाला पाठवल्या. मृगाचा पाऊस नुकताच पडलेला, दुकानात पाय ठेवायला जागा नाही. मालकानं एका कास्तकाराचं बिल पुढं सरकवलं: कापसाची पाकिटं, युरियाच्या गोण्या, एक कीटकनाशकाची बाटली. एकाच बिलात तीन तऱ्हा. बियाण्याला कर नाही, खताला ५ टक्के, रासायनिक कीटकनाशकाला १८ टक्के. दोघींनी क्लासमध्ये कायम एकाच दराचं बिल केलेलं. आणि वरून मालक म्हणाला, “अर्धे रोख, अर्धे दिवाळीले देते थो. कसं लिहिशीन?”

त्या दोघी गप्प झाल्या, आणि चूक माझी होती. त्या रात्री मी माझी सगळी टॅलीची उदाहरणं फाडून टाकली. पुस्तकात ‘एबीसी ट्रेडर्स, मुंबई’ असायचं. आता माझ्याकडं प्रत्येक उदाहरण कृषी केंद्राचं, किराण्याचं नाहीतर अडत्याचं. पहिली परीक्षा युरियाची गोणी. ४५ किलोची, २६६ रुपये ५० पैसे, आणि या किमतीत कर धरलेला आहे. कर किती? दहातली आठ पोरं २६६.५० चे पाच टक्के काढून १३ रुपये ३३ पैसे लिहितात. चूक. २६६.५० हे शंभरावर पाच, म्हणजे १०५ भाग आहेत. मूळ किंमत २५३ रुपये ८१ पैसे, कर १२ रुपये ६९ पैसे. चौसष्ट पैशांचा फरक. एका गोणीला काही नाही, हंगामात हजार गोण्या विकणाऱ्या दुकानाला सहाशे चाळीस रुपये, आणि त्याहून वाईट म्हणजे रिटर्न भरताना न जुळणारा आकडा. हे ज्याला समजलं, त्याला टॅली मी पंधरा दिवसांत शिकवते. ज्याला नाही समजलं, त्याला वर्षभराच्या डिप्लोमातही नाही येत.

रोजकीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद हा क्रम तिला अकरावीच्या पुस्तकात दिवाळीपर्यंत कळू लागेल. त्यानंतर टॅली लावा. आधी लावली तर पैसे गेले समजा. घरी किंवा ओळखीत कॉम्प्युटर असेल तर टॅलीची एज्युकेशनल आवृत्ती फुकट उतरवता येते. तिच्यात महिन्याच्या पहिली-दुसरी अशा मोजक्याच तारखांना नोंदी घेता येतात, पण सरावाला ते पुरतं. एक्सेलसारखंच काम करणारं लिब्रे ऑफिस फुकट आहे, आणि आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये त्याचे मराठीतून धडे आहेत. मोबाइलवर धडा लावायचा आणि कॉम्प्युटरवर करायचा. नुसता बघून काही होत नाही, हे पोहण्यासारखं आहे.

एआयचं विचारलंत म्हणून सांगते. पॅकेजमधलं एआय म्हणजे दोन व्हिडिओ. तिला अर्ज किंवा पत्राचा मसुदा एआयकडून करून घेता येईल, ते ती स्वतःच शिकेल, त्याला पैसे कशाला? उलट मी पोरांना एआयनं काढलेली बेरीज-वजाबाकी पुन्हा तपासायला लावते. ज्याला युरियाचा कर काढता येतो त्यालाच ते तपासता येतं.

मग पैशाचं गणित असं बसतं. अकरावीच्या पहिल्या सहामाहीत फक्त टायपिंग, परिषदेच्या परीक्षेसह. उन्हाळ्यात एमएस-सीआयटी. बारावीच्या दिवाळीआधी टॅली, तीही जीएसटीसकट आणि एखाद्या दुकानाच्या खऱ्या बिलांवर. बारावीचे शेवटचे चार महिने काहीच नाही, बोर्ड. सगळं मिळून खर्च २८ हजारांच्या निम्म्याच्या आसपास राहायला हवा, तोही दोन वर्षांत विभागून. कापसाचे चुकारे आल्यावर एक हप्ता, तूर विकल्यावर दुसरा. जो क्लासवाला पूर्ण फी आगाऊ मागतो, त्याच्याकडं मी तरी माझी पोरगी पाठवणार नाही. बार्टी, सारथी, महाज्योती अशा, वेगवेगळ्या समाजांसाठी काढलेल्या सरकारी संस्थांचे मोफत कोर्सही अधूनमधून निघतात. जातीचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला तयार ठेवला तर वेळ जात नाही. आर्थिक दुर्बल, मराठा किंवा ओबीसी प्रवर्गातल्या आणि आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना केंद्रीय प्रवेशातून व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेल्यास शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ, असा निर्णय राज्यानं २०२४ मध्ये घेतलाय. म्हणजे पुढचा मोठा खर्च कदाचित टळेल. आत्ता २८ हजार उडवून बसू नका.

हे सगळं एका गोष्टीवर अवलंबून आहे: तिला याची आवड आहे का. तुम्ही ‘तिला कमावतं व्हायचंय’ लिहिलंय, ‘तिला आकडे आवडतात’ असं नाही. आकड्यांचा कंटाळा असेल तर कॉमर्स आणि टॅली दोन्ही तिला छळतील, आणि माझं निम्मं उत्तर बाद. घरी एक करून बघा. मागच्या वर्षीच्या बियाणं, खत, फवारणी, वेचणीच्या मजुरीच्या चिठ्ठ्या तिच्यासमोर टाका आणि चार एकरांचा हिशेब वहीवर मांडायला सांगा. दोन दिवसांत तिनं स्वतःहून “चौथ्या वेचणीचे पैसे कुठं लिहिलेत?” असं विचारलं, तर काळजी करू नका.

क्लास निवडताना फ्लेक्स बघू नका, तासभर जाऊन बसा. किती कॉम्प्युटर चालू आहेत, एका कॉम्प्युटरवर किती पोरं, कीबोर्डवरची अक्षरं पुसलीत का (पुसलेली असली तर चांगलं, टायपिंग होतंय). लाइट गेली तर काय करतात, इन्व्हर्टर आहे का? आमच्याकडे ज्या दिवसांत लाइट जास्त जाते त्या दिवसांत मी वहीवरचं लेखाकर्म घेते, तास वाया जात नाही. आणि आधीच्या वर्षीची एखादी मुलगी बोलवायला सांगा. तिच्यासमोर दुकानाचं एक खरं बिल ठेवा, आणि करून दाखव म्हणा. सर्टिफिकेटची फाइल दाखवू लागले तर चहा पिऊन उठा.

शेवटी येण्याजाण्याचं, आणि मुलींच्या बाबतीत मी हे खरं तर पहिल्यांदा विचारते. माझ्याकडून जितक्या मुलींचा क्लास सुटला, त्यातल्या जास्त मुली बसपायी सुटल्या, अभ्यासापायी नाही. बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास आहे, मानव विकास योजनेची मुलींसाठीची निळी बस असेल तर तीही आहे, पण क्लास पाचला सुटतो आणि बस पावणेपाचला निघून जाते, असं झालं की महिनाभरात घरचे बंद करतात. कॉलेज सुटल्यावर लगेचचा तास मिळतो का, ते आधी ठरवा, फी नंतर. तुमच्या गावाहून सकाळची बस किती वाजता निघते आणि संध्याकाळची शेवटची दारव्ह्याहून किती वाजता सुटते, ते इथंच लिहा. आणि गणिताचे मार्कही.